मोकळी झाली

आमच्याकडे बाई बाळंत झाली की "मोकळी झाली" म्हणतात. माझ्या वेळी आईने वसमतच्या दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून एकेका नातेवाइकाला फोनवर हेच ऐकवलं. "मोकळी झाली बगा. पोरगी झाली. दोघी बी चांगल्या हायेत." खोलीत पंख्याखाली पडून मी ते ऐकत होते आणि मलाही ते खरंच वाटलं. संध्याकाळ व्हायच्या आत माझ्या कानांवरून रुमाल आवळून बांधला गेला. माहेरी आल्यावर जुन्या लुगड्याची पट्टी निघाली, ती पोटाला असे काही वेढे देऊन बांधली की मला श्वास घ्यायचा म्हणजे आधी ठरवावं लागे. मोकळं झाल्यावर बाईला इतकं बांधतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

माझ्या चालण्याविषयी आत्ताच सांगून टाकते, कारण सगळा प्रकार त्याच्यावरच उभा आहे. मी डुलत चालते. डावा पाय जरासा आखूड आहे, म्हणून डाव्या चपलेला चांभाराकडून एक जादा तळ लावून घेते. शाळेत मला बदक म्हणत. आता मी स्वतः शाळेत शिकवते, जवळा बाजारच्या अलीकडे, आणि माझ्या वर्गातली पोरं माझी नक्कल करतात. चांगली करतात, मी एकदा दाराआडून पाहिली आहे. लग्नाच्या बैठकीत आईने पाहुण्यांना सांगितलं होतं, लहानपणी पडली होती, तेव्हापासून पाय जरा असा आहे. मलाही तेच माहीत होतं.

दवाखान्यातून सोडायच्या दिवशी सकाळी लहान मुलांचे डॉक्टर आले. आई तेव्हा खाली जीपवाल्याशी बोलत होती. डॉक्टरांनी लेकीला उताणं ठेवलं, दोन्ही गुडघे वाकवून मांड्या बाजूला उघडल्या, अलगद दाबल्या. उजवीकडे काही नाही. डावीकडे त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पुन्हा केलं.

"तुमच्या घरात कोणाला खुब्याचा त्रास आहे का?" त्यांनी विचारलं.

मी उठून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. त्यांना कळलं.

मग त्यांनी समजावलं. खुब्यात एक वाटी असते आणि तिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा बसतो. हिची डावी वाटी उथळ वाटते आहे. पाय बेडकासारखे वाकलेले, बाजूला उघडे राहिले तर गोळा वाटीत बसून राहील, वाटी त्याच्याभोवती खोल होत जाईल. पाय ओढून, सरळ करून, एकमेकांना चिकटवून बांधले तर गोळा बाहेर सरकेल. "बाळाला गुंडाळू नका असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पातळ सुती कापड घ्या, खांद्याच्या खाली ठेवा, छाती आणि कापडाच्या मध्ये तुमचा पंजा सहज गेला पाहिजे. कंबरेखाली मात्र पोत्यासारखं सैल. पाय आत हलले पाहिजेत. झोपवायचं उताणं, आणि तोंडावर काही येऊ द्यायचं नाही. महिनाभराने दाखवा, सोनोग्राफी करून बघू."

मी मान हलवली. मला भीती वाटली आणि रागही आला, कोणाचा ते कळेना. माझ्या लेकीने माझ्यासारखं डुलत चालू नये, बस, एवढंच मला पाहिजे होतं. त्यासाठी फक्त तिचे पाय न बांधता ठेवायचे होते. यात काय अवघड आहे, असं मला वाटलं. मी माझं माहेर विसरले होते.

माहेरी माझ्यासाठी मधली खोली काढली होती. एका भिंतीला गेल्या वर्षीच्या हळदीची पोती छतापर्यंत, दुसऱ्या भिंतीला माझी बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. खिडकी बंद, कारण वारं लागेल. दार लोटलेलं, कारण अंगणात हळद शिजवायला आलेली माणसं होती आणि बाळंतिणीने कोणाच्या नजरेला पडू नये. फाल्गुनातलं ऊन बाहेर, शेगडी आत. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास म्हणतात, तो मी त्या खोलीत अंगावर काढला. हळद शिजवायच्या कुकरची वाफ, शिजलेल्या हळदीचा तो मातकट गोड वास, माणसांचं हसणं, हे सगळं दाराच्या फटीतून आत येई आणि मी मात्र बाहेर जायचं नाही.

बाळंतपण काढायला वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, आली होती. आमच्या आळीतली निम्मी लेकरं तिच्या हातची न्हालेली. ती पाटावर बसायची, दोन्ही पाय लांब करायची, लेकीला त्या पायांवर उताणं टाकायची आणि तेल, हळद, गरम पाणी. तिथपर्यंत लेकीची मजा असे. मग धुरी, आणि मग बांधणं. मऊ लुगड्याचा चौकोन अंथरून त्यावर लेक ठेवायची. हात अंगाला सरळ लावायचे. पाय गुडघ्यांतून ओढून एकाला एक जुळवायचे, कापड दोन्हीकडून घट्ट आणायचं आणि वरून छातीपासून घोट्यापर्यंत पट्टी गुंडाळायची. शेवटी आत्या तिला उभी धरून दाखवायची.

"बग, कशी शिपायावाणी झाली."

पहिल्या दिवशीच मी म्हणाले, "आत्या, पाय बांधू नको. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टर काय सांगतंय? फेंगडी ठेव म्हणतंय?"

"तिचा खुबा नाजूक आहे. पाय मोकळे पाहिजेत."

"अगं माय, नाजूक हाय म्हून तर बांधायचं. ढिलं लाकूड आपण कशानं धरतो? दोरीनंच ना?"

ते ऐकायला बरोबर वाटत होतं, हीच पंचाईत. मी आईकडे पाहिलं. आई दारात उभी होती, ती लेकीच्या पायांकडे बघत होती. "घट्ट बांधा, आक्का," ती म्हणाली. "अजून एक येढा द्या."

खरं सांगायचं तर बांधल्यावर लेक झोपायची. ओरडून लाल झालेली पोर दोन वेढ्यांत शांत व्हायची, आणि मग आत्या माझ्याकडे असं बघायची की मला बोलायला जागा नसे. मी वाट पाहायची. दोघी चुलीकडे गेल्या की बाजेवरून वाकून खालच्या पट्टीची गाठ सोडायची. लेकीचे पाय झटकन वर यायचे आणि बाजूला पडायचे. मला माझ्याच पोटाची गाठ सुटल्यासारखं बरं वाटायचं. पण थोड्या वेळाने आई काहीतरी घ्यायला यायची, कापडाखाली हात घालून बघायची आणि न बोलता पुन्हा बांधायची. दिवसात कितीदा तरी आम्ही हेच करत होतो. मी सोडायची, ती बांधायची. मी उठून पळून जाणार कुठे? बाजेवरून उतरले तरी "उठून राहिली का?" म्हणून हाक यायची.

नवरा पुण्याला, कंपनीत. त्याला फोन केला, सगळं सांगितलं, आईशी बोल म्हटलं. तो आईशी बोलला. "व्हय जावई, व्हय जावई," एवढंच मला ऐकू आलं. मग फोन माझ्याकडे परत आला तर म्हणतो, "त्यांचंही थोडं ऐक ना. त्यांना अनुभव आहे." मी फोन पोत्यांवर फेकला. फुटला नाही, गोणपाट मऊ असतं. वडिलांना सांगावं तर ते बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी येऊन खोकायचे आणि परत जायचे. आपलेच दात, आपलेच ओठ. चावा कोणाला घेणार?

बारसं झालं. त्यानंतरच्या एका दुपारी खोली फारच तापली. लेक बांधलेली होती, वर टोपडं, वर दुपटं. ती रडत नव्हती, म्हणून मी तिच्याकडे वळून पाहिलं. चेहरा लालभडक, टोपड्याखालचे केस ओले, मानेच्या वळीत पुरळ, आणि डोळे अर्धवट मिटलेले. मी घाबरले. टोपडं, दुपटं, पट्टी सगळं ओरबाडून काढलं, शेगडी पायाने ढकलली, खिडकीची कडी काढली. वारा आला. लेक थरथरली आणि मग रडायला लागली. तिचं रडणं ऐकून मीही रडले.

आई धावत आली.

"काहून सोडलं तिला? खिडकी काहून उघडली?"

"तापलीय ती! हात लावून बघ."

आईने हात लावला. तिलाही कळलं असणार, कारण तिने खिडकी लावली नाही. पण तिने खाली पडलेलं कापड उचललं आणि झटकून अंथरायला घेतलं. ते पाहून माझं डोकं फिरलं.

"माझ्या पायाचं वाटोळं केलंस, आता हिच्या पायाचं कर," मी म्हणाले.

मला काही माहीत नव्हतं. तोंडाला आलं ते बोलले. पण आई कापड हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि मग पोत्यांना टेकून खाली बसली.

"तुला बांधलं न्हाई, म्हून तर झालं ते," ती म्हणाली.

"काय?"

"पडलीबिडली न्हाईस तू कदी. लोकांना काहीतरी सांगावं लागतंय, म्हून मी तसं सांगितलं. तू झालीस तवा आक्का तिच्या सासरी, घरात दुसरी बाई नव्हती. पाचवी झाली अन् मी हळद काढायला गेले. लिंबाला झोळी बांधायची, तिच्यात तुला टाकायची. तू आपली पाय पोटाशी घेऊन पडून राहायचीस. तुला न्हाऊ घालायला कुणी न्हाई, बांधायला कुणी न्हाई. संध्याकाळी घरी आल्यावर माझे हात उचलायचे न्हाईत. मग चालायला लागलीस तर डुलून राहिली. सगळे म्हणले, लेकराला बांधलं न्हाई, पाय सरळ व्हायचे कसे? बराबर हाय त्यांचं. मी बांधलं न्हाई." तिने लेकीकडे बोट केलं. "हिला तरी बांधू दे मला."

मी आईला कधी रडताना पाहिलेलं नाही आणि तेव्हाही ती रडली नाही. मला तिची इतकी दया आली की त्या क्षणी मी तिला लेक बांधूही दिली असती. ही बाई माझं डुलणं रोज बघत आली होती. मी शाळेत जाताना, लग्नात सप्तपदी चालताना, परवापरवा पोटात बाळ घेऊन अंगणातून येताना. प्रत्येक वेळी तिला स्वतःचे न उचलणारे हात आठवत असतील.

"आई, असं नसतं गं," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, बांधल्यानेच उलट बिघडतं. तू बांधलं नाहीस तेच बरं झालं."

तिने मान हलवली. "तू माझी लेक हायेस. मला वाईट वाटू नये म्हून बोलून राहिली तू."

आता आली का पंचाईत! मी डॉक्टरांचं म्हणून जे सांगेन ते तिला माझी माया वाटणार. गप्प बसेन तर लेकीचा पाय जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माझ्या लेकीसाठी जे वाक्य तिने ऐकायला हवं होतं, त्याची खरी गरज तिलाच होती, आणि ते माझ्या तोंडून ती घेणार नव्हती. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर म्हणाली, सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. संध्याकाळी लेक पुन्हा शिपाई झाली. मी पोत्यांकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने न्हाऊ घातलं, बांधलं आणि ती हात धुवायला गेली. मी बाजेवरून उतरले. लेकीला उचललं, तिच्या पायांची पट्टी सोडून तिथेच टाकली. जादा तळाच्या त्या चपला दाराआड पडल्या होत्या, त्या घातल्या. कानाचा रुमाल तसाच, पोटाला पट्टी तशीच, आणि मी दार उघडून अंगणात आले.

उजेडाने डोळे मिटले. सगळं अंगण पिवळं होतं, दोन्ही बाजूंना हळद वाळत पडलेली आणि मधून एक पायवाट. माणसं हातातलं काम थांबवून बघायला लागली. मी त्या वाटेने निघाले, डुलत, दुसरं येतंय कुठे मला.

"कुठं निघाली?" वडील ओरडले.

"वसमतला. दवाखान्यात."

मागून आत्याचा आवाज आला, "अगं, धरा तिला! बाळंतीण घराबाहेर चालली!" कोणी धरलं नाही. बाळंतिणीला परका पुरुष हात कसा लावणार, तिथे त्यांचाच नियम माझ्या कामी आला. फाट्यावर काळीपिवळी जीप उभी होती. मी आत बसले आणि वळून पाहिलं तर आई धावत येत होती, पदर सुटलेला, हातात दुपटं. मला वाटलं, ओढून उतरवणार. ती शेजारी येऊन बसली.

"डोकं तरी झाक तिचं," ती म्हणाली. वसमत येईपर्यंत तिने दुपटं लेकीच्या डोक्यावर धरून ठेवलं.

डॉक्टरांनी लेकीला तपासलं. डावीकडे बोट पुन्हा थांबलं. सोनोग्राफी केली. वाटी उथळच होती, गोळा सैल होता, पण वेळेत कळलं होतं. नांदेडच्या हाडांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. ते पाय उघडे ठेवणारा एक पट्टा लावतील, काही आठवडे ठेवावा लागेल, मग बहुतेक नीट चालेल.

"मावशी, पाय सरळ बांधत होता का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," आई म्हणाली.

"आता नाही बांधायचे." त्यांनी टेबलावर दुपटं पसरलं आणि आईच्याच हातांनी लेकीला गुंडाळून घेतलं. वर सैलसर, पंजा जाईल इतकं. खाली पिशवी. आतमध्ये लेकीने पाय झाडले तर कापड हललं. आईने ते हलणारं कापड बघितलं आणि हात मागे घेतला.

"मग हिचं?" तिने माझ्याकडे मान करून विचारलं. "हिला मी बांधलं न्हाई. झोळीत टाकली होती. म्हून झालं का तसं?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलले नाही. बोलले असते तर सगळं वाया गेलं असतं.

"नाही मावशी," ते म्हणाले. "हे पोटातूनच येतं. घराण्यात असतं. त्या वेळी कोणी तपासलं असतं तर पट्टा लावता आला असता, पण तुमच्या गावात तेव्हा तपासणार कोण? बांधलं नाही म्हणून काही झालेलं नाही. झोळीत पाय वाकलेले राहतात, ते चांगलंच. सरळ बांधली असती तर आज कदाचित याहून जास्त लंगडली असती."

"नक्की?"

"नक्की."

परत येताना जीपमध्ये आई लेकीला मांडीवर घेऊन बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ऊस गेला, हळदीची रिकामी रानं गेली. मला वाटलं, घरी गेल्यावर आता आत्याशी भांडण.

आत्या दारातच उभी होती, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. आधी तिने माझ्यावरून आणि लेकीवरून तुकडा ओवाळून टाकला, मग विचारलं, "काय म्हणला डाक्टर?"

पट्टा, नांदेड, वाटी, सांगायला किती होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "मोकळी झाले, आक्का."

"कोण मोकळं झालं?"

"मी."

"येडी हाय का काय ही? बाळंतीण तर ती हाय!"

भर दिवसा, अंगणात सगळी माणसं काम करत असताना, जी आई माझ्या आठवणीत कधी दुपारची टेकलेली नाही, ती ओसरीवर बसली आणि तिने दोन्ही पाय लांब केले. मग माझ्याकडे हात पुढे केले. मी लेकीला तिच्या पायांवर उताणं ठेवलं. आईने दुपट्याची टोकं बाजूला केली. लेकीचे गुडघे वर आले, दोन्हीकडे पडले, आणि आई त्यांच्याकडे बघत बसून राहिली.